पाठमोरा रस्ता

आमच्या सासरी बायकांना गोषा होता. घरच्या सुनांनी परक्या माणसाच्या नजरेस पडायचं नाही, हा नियम. निजामाचं राज्य, त्यातून गावची देशमुखी. वरच्यांचं पाहून खालच्यांकडे चार रीती येतात, तशी ही आली असावी. माझं माहेर तीर्थपुरीकडचं, साधं कुणब्याचं. तिथं मी बैलांचे कासरे हातात धरून शेतात गाडी नेलेली पोर. लग्न झालं आणि एकदम मोठ्या घरची झाले. मोठ्या घरची झाले म्हणजे काय, तर दिसेनाशी झाले.

कुठं जायचं तर चारी बाजूंनी जाड पडदा लावलेली बैलगाडी निघायची. पुढं गाडीवान. त्याच्या पाठीशी एक पडदा. त्या पडद्याला पाठ टेकून, तोंड मागं करून आम्ही बायका बसायचो. गाडीवानाकडे तोंड करून बसणं बरं दिसत नाही, असं सासूबाईंचं म्हणणं. पडद्याआड कोण कुठं तोंड करून बसलंय हे बघायला कोण येणार होतं, देव जाणे. पण त्या घरात असले प्रश्न विचारायची सोय नव्हती.

पुढं आयुष्यात मी पुष्कळ हिंडले. काशी झाली, रामेश्वर झालं, नातवानं विमानातही बसवलं. पण सगळ्यात मोठा प्रवास कोणता, असं कुणी विचारलं की मी आमच्या गावापासून परतूरच्या स्टेशनापर्यंतचा सांगते. पोरं हसतात. हसू देत.

थोरल्या जाऊबाईंना आई नव्हती. पाठच्या भावाला त्यांनीच कडेवर घेऊन वाढवलेलं. त्यांचं लग्न झालं तेव्हा तो जेमतेम पळायला शिकलेला. नंतर वडील गेले, कारभार चुलत्याच्या हाती गेला, आणि चुलता काही पुतणीला माहेरी न्यायला गाडी पाठवीना. कितीतरी वर्षं बहीणभावाची भेट नव्हती. अशात जालन्याहून एक सांगावा आला. भाऊ उर्दू शिकला होता, त्याला तिकडं वरंगळकडे मास्तरकी लागली होती. तो रेल्वेनं जाणार होता आणि गाडी परतूरला थोडा वेळ थांबणार होती. अक्काला स्टेशनावर येता येईल का, एवढंच त्यानं विचारलं होतं.

मामंजींनी हो म्हटलं, हेच नवल. कापूस वेचणीचे दिवस, घरातला पुरुष माणूस मोकळा नव्हता, म्हणून जाऊबाईंच्या सोबतीला मी. गाडी स्टेशनाबाहेर झाडाखाली उभी करायची, भावानं पडद्याशी येऊन भेटायचं, दोन शब्द बोलायचे आणि परत फिरायचं, असं सगळं सासूबाईंनी घालून दिलं. धपाट्यांची शिदोरी बांधून आम्ही निघालो.

गाव मागं पडल्यावर जाऊबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "धाकटे, मला त्याला एक विचारायचंय."

"काय?"

"माझी पाठवणी झाली ना, तवा गाडी सुटली आन् मागून पोराच्या पायांचा आवाज आला. 'अक्का, थांब गं, अक्का' म्हणून रडत पळून राह्यलं. वेशीपर्यंत आलं. माझ्या शेजारी ह्यांची आत्या बसलेली. पडदा उचलायला माझा हात झाला न्हाई. मंग आवाज मागं राह्यला." त्यांनी शिदोरी मांडीवर ओढून घेतली. "वडील होते तवा माहेरी गेल्ते, पर विचारायची छाती झाली न्हाई. आता तो इतक्या दूर चालला. राग धरून गेला तर?"

मला रडू आलं आणि त्या काळी मला रडू फार लवकर यायचं, हेही खरं.

ओढा ओलांडला, चाकांचा पाण्यातला आवाज संपला आणि गाडी थांबली. आमचा गाडीवान म्हातारा, घरचाच माणूस, सगळे त्याला मामा म्हणत. पडद्यापलीकडून त्याचे दात वाजताना ऐकू आले.

"वैनीसाब, हिवताप भरला. कासरा धरवंना. गाडी मागं फिरवतो."

"मागं? बिलकुल न्हाई!" जाऊबाई म्हणाल्या. त्यांचा इतका मोठा आवाज मी प्रथमच ऐकला. "मामा, तुमी आत या. आमी पुढं बसतो."

"वैनीसाब, लोक काय म्हणतील?"

"रेल्वे काय म्हणंल त्ये सांगा."

मामा थरथरत आत शिरला. आम्ही त्याच्यावर दोन वाकळा टाकल्या, पडदा नीट सोडला आणि पुढं जाऊन बसलो. गडी गोषात आणि देशमुखांच्या सुना उघड्यावर! कासरा मी धरला. हाताला ती दोरी लागली आणि मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

आणि मग तो रस्ता दिसला. काय सांगू! जाऊबाई त्या रस्त्यानं किती वेळा गेलेल्या, मीही दोनतीनदा, पण दोघींनी तो कधी पाहिलाच नव्हता. दोन्ही अंगांना काळी रानं, जोंधळा छातीइतका आलेला, कडेनं करडईचे पट्टे, आणि वर एवढं मोकळं आभाळ की मान दुखेपर्यंत पाहावं. मागं वळून पाहिलं तर ज्या ओढ्याला मी नदी समजत होते तो शेरडानं उडी मारून जावा एवढासा निघाला. जिथं घंटा वाजायची तिथं मोठं देऊळ असणार अशी जाऊबाईंची खात्री; तिथं होती बाभळीला टांगलेली एक घंटी आणि खाली दोन शेंदूर लावलेले दगड. प्रत्येक गोष्टीला जाऊबाई "अगं बया, हे असं हाय होय!" म्हणत होत्या. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं मागं गेला, त्यांनी तो पुढं ओढला, परत गेला, आणि तिसऱ्यांदा त्यांनी त्याचा नाद सोडला. एवढ्या देखण्या आहेत हे मला त्या दिवशी उजेडात कळलं.

पुढं फाटा आला. दोन वाटा. मी कासरा आखडला.

"कुठं वळायचं?"

"हे काय विचारणं झालं? मला हा रस्ता झोपंत सांगता येतो. घंटी गेली की गाडी वळती, डाव्या हाताला कलती आन् बांगड्या तिकडं ओघळत्यात. डावीकडं घे."

बैल उजवीकडे ओढू लागले. मी जाऊबाईंकडे पाहिलं. "बैलाला काय कळतं?" म्हणत त्यांनी स्वतःच कासऱ्याला हिसडा दिला. बैल बिचारे नाइलाजानं डावीकडे वळले.

त्या वाटेवर आम्ही फार मजेत होतो, हे कबूल केलं पाहिजे. जाऊबाई भावाच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत होत्या. तो माती कसा खायचा, निजताना त्यांचं बोट कसं मुठीत धरायचा. मीही माझी बडबड करत होते. मध्येच समोरून कापसाच्या भरल्या गाड्या येऊ लागल्या. एक गेली, दुसरी गेली. तिसऱ्या गाडीचा माणूस आमच्याकडे बघतच राहिला, तशी मी खाली पाहिलं, आणि खाली पाहता पाहता माझ्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला.

"जाऊबाई, कापूस कुठल्या बाजाराला जातो?"

"परतूरच्या."

"मंग भरल्या गाड्या समोरून कशा येऊन राह्यल्यात?"

त्यांचा चेहरा उतरला. मी मागं वळून मामाला हाक मारली. वाकळेतून मामा कण्हला, "कुठं आलो आपण? पडद्यातून मला काय बी दिसून न्हाई राह्यलं."

एरवी मी हसून लोळले असते. जाऊबाई आपल्या दोन्ही हातांकडे बघत होत्या. मग त्या बसल्या जागी उलट्या फिरल्या, तोंड मागं करून. डोळे मिटले. डावा हात वर केला. तो आता बरोबर रस्त्याच्या उजव्या अंगाला आला होता.

"अगं, आपण उलट्या बसायचो गं!" त्या म्हणाल्या. "आपला डावा म्हंजी बैलाचा उजवा. गाडी वाटूरला चालली. आता गं कसं?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. मला स्वतःचा, त्यांचा, सासूबाईंचा, त्या पडद्याचा, सगळ्यांचा मनस्वी संताप आला. मी गाडी तिथंच रानातून फिरवली आणि बैलांना अशी काही हाक घातली की माहेरची माणसं असती तर शाबास म्हणाली असती. फाट्याशी परत आलो तेव्हा बैल आपण होऊन मघाशी ओढत होते त्या वाटेला पळाले. परतूर जवळ आलं तशा आणखी वाटा फुटायला लागल्या. तिथं जाऊबाई माझ्या पाठीला पाठ लावून, डोळे मिटून बसल्या. "डावा हात," त्या म्हणायच्या, की मी उजवीकडे वळायची. "इथं गुळाचा वास येतो, मंग उजवा हात," की मी डावीकडे. येणारेजाणारे थांबून बघत होते. एक बाई बैल हाकतेय, दुसरी तिच्याकडे पाठ करून डोळे झाकून वास घेतेय. पण स्टेशन बरोबर आलं.

स्टेशन आलं तेव्हा रेल्वे उभीच होती आणि इंजिन वाफ सोडत होतं. आता भावानं उतरून झाडाखाली यायला वेळ कुठला? मी गाडी थांबवते न थांबवते तोच जाऊबाईंनी शिदोरी उराशी धरून खाली उडी मारली. फलाटावर गेल्या. उघड्या तोंडानं, भर लोकांत. मी बैल झाडाला बांधून मागं धावले.

त्या खिडक्यांतून पोर शोधत होत्या. खरंच सांगते, लहान पोर. त्यांच्या मनात तो वाढलाच नव्हता. त्या "बाळा, ए बाळा" म्हणत पुढं चालल्या होत्या आणि डब्यातली माणसं माना काढून बघत होती. तेवढ्यात मागच्या खिडकीतून एक शेरवानी घातलेला, मिसरूड फुटलेला तरुण ओरडला, "अक्का!"

जाऊबाई त्याच्याकडे बघून पदर घ्यायला गेल्या, परका पुरुष समजून. मग हात तसाच राहिला.

गार्डानं शिटी दिली. भाऊ दारात आला. "अक्का, चढ! पुढच्या टेसनावर उलटी गाडी भेटती, तिच्यात बसवून देतो. चढ जल्दी!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वयानं लहान, नात्यानं लहान, परवानगी देणारी मी कोण? पण त्या विचारत होत्या. "जावा," मी म्हटलं. त्यांनी त्याचा हात धरला आणि गाडी हलली.

मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू. आणि भीतीही वाटली, कारण सासूबाईंना तोंड मला द्यावं लागणार होतं. पण आनंद त्या दोन्हींपेक्षा जास्त होता. फलाटावर उभी राहून मी वेड्यासारखी हात हलवत होते, आणि कुणी बघतंय का याची आठवणही मला राहिली नाही.

झाडाखाली मामा घाम फुटून उठून बसला होता. "थोरल्या वैनीसाब कुठायत?"

"रेल्वेनं गेल्या."

बिचाऱ्याचा ताप तिथंच उतरला. तो कपाळाला हात लावून बसला. मी त्याला पाणी आणून दिलं, बैलांपुढं कडबा टाकला आणि येणाऱ्याजाणाऱ्या लोकांना निवांत बघत बसले. कुणी टोपी विकत होतं, कुणी न्हाव्यापुढं बसलं होतं. इतकी माणसं एका जागी, आणि त्यांतलं एकही माझ्याकडे बघत नव्हतं. घरी आम्हाला वाटायचं, बाहेर पाऊल टाकलं की अख्खं जग आपल्यालाच बघायला टपलंय.

उन्हं कलायच्या आत उलटी गाडी आली. जाऊबाई उतरल्या. चेहऱ्यावर काजळी, केस विस्कटलेले, शिदोरीचं रिकामं फडकं हातात. मी पुढं होऊन विचारलं, "विचारलं का? काय म्हणाला?"

आधी हसू आलं त्यांना, मग ते वेगळंच काहीतरी झालं.

"म्हणतो, मी कुठं पळालो होतो अक्का? तू जाताना मी लई रडन म्हणून मावशीनं मला सकाळीच तिच्या गावी नेऊन ठेवल्तं, तीच सांगती. मी गावातच नव्हतो."

इतकी वर्षं त्या बाईनं ते रडणं ऐकलं होतं. सण असो, बाळंतपण असो, रात्री कूस बदलताना असो. पडदा हातभर बाजूला केला असता तर त्याच दिवशी कळलं असतं.

"बरंच झालं की मग," मी म्हटलं. "तुमच्यावर राग न्हाई त्याचा. सुटला तुमी."

"व्हय, सुटले," जाऊबाई म्हणाल्या. त्या गाडीशी आल्या. मामा पडदा वर करून उभा होता, पण त्या आत चढल्या नाहीत. चाकाला हात लावून स्टेशनाकडे बघत राहिल्या.

"गल्लीतली समदी पोरं मला अक्काच म्हणायची," त्या म्हणाल्या. "मंग वेशीपर्यंत रडत आलं, ते कुणाचं पोर होतं गं?"