माह्या पोरीचं वजन

"तिथूनच दाखव," बाई म्हनली.

मीनं सहा महिन्यांची पोरगी दोन्ही हातांनी वर धरली. बाजारात कोंबडी धरते तशी. मजुरांच्या कॅम्पातल्या माय-लेकरांच्या केंद्रात वजन करनारी बाई टेबलामागं, मी दाराबाहेर. तिनं एक नजर टाकली अन् कार्डावर वजन लिहून टाकलं. "ठीक आहे. ने."

माह्या आधीच्या पंजाबी बाईचं लेकरू मात्र तराजूत गेलं. पारड्यात धुतलेलं फडकं घातलं. काटा थांबेपर्यंत बाई त्याच्याशी लाडानं बोलून राहिली होती.

चूक माहीच. भिलाईत कारखाना उभा होऊन राहिला होता, देशभरातून मानसं आलेली, आमाले कोन वळखते? मी मातीची घमेली वाहत होती. हिंदी येत नव्हती. पहिल्या दिवशी केंद्रात मराठी ऐकली अन् मले मायेर भेटल्यावानी झालं. बाई आमच्याच भंडाऱ्याकडची. मीनं न विचारता गाव सांगितलं, आडनावही सांगितलं. तिनं पोरीवरचा हात काढून घेतला. एवढ्या मुलखांच्या लोकांत माही जात वळखली ती माह्याच बोलीच्या बाईनं.

तीन महिने ती नजरेनं वजन लिहून राहिली, दर खेपेले थोडं वाढवून. अन् पोरगी वाळून राहिली. ज्याचं वजन कमी भरे, त्याले आतली डॉक्टरीनबाई तपासे, दुधाच्या पावडरचा डबा देई. माही पोरगी कार्डावर धष्टपुष्ट, पदरात मरून राहिली. नागपूरले दीक्षा घेऊन आलेली मी, अन् उंबऱ्याबाहेर उभी. थू माह्या जिंदगीवर.

मंग पोरीनं रडनंच सोडलं. मले भेव वाटला, अन् त्या भेवाचा संताप झाला. पुढच्या खेपेले मी सरळ आत गेली. पोरगी पारड्यात ठेवली.

बाई खुर्ची मागं सारून उठली. "सगळं बाटवलंस."

"काटा वाच," मी म्हनली.

वाचेना. मले आकडे येत नव्हते. रांगेतल्या त्याच पंजाबी बाईनं वाकून मोठ्यानं वाचला. डॉक्टरीनबाई बाहेर आली, कार्ड पाहिलं, काटा पाहिला, पोरीले उचलून आत नेलं. बाईले एका शब्दानं बोलली नाही.

पोरगी जगली. आमच्या झोपड्यांच्या लाईनीतल्या यशोदीचं पोरगं नाही जगलं. त्यालेही दाराबाहेरूनच तोललं होतं. मी महिनाभर आधी आत कावून नाही गेली? हे मले आजही खाते.

मी नवऱ्याकडून आकडे शिकली. वजनाच्या दिवशी कामावर खाडा केला अन् लाईनीतल्या साऱ्या बायांले घेऊन निघाली. वाटेत त्यायले एवढंच सांगितलं, "आडनाव विचारलं तर मोठ्यानं सांगा. लेकरू आपल्या हातानं पारड्यात ठेवा. काटा मी वाचीन. बाईनं खोटं लिहिलं, तर तिच्या हातातली कलम मी हिसकून घेईन."