अजून चमच्यानेच

माणिकपूरच्या आमच्या इमारतीत समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहणारे काका मला ‘शेजारी’ म्हणतात. नाव त्यांनी विचारलं नाही, मीही नाही. आगाशीच्या वाडीत तोडलेल्या माडाच्या ढोलीत सापडलेलं पोपटाचं पिल्लू त्यांनी वाढवलं. रोज संध्याकाळी मी त्यांच्या दारात उभा राहतो. डाळीचं कोमट वाटण चमच्याने भरवताना काका स्वतःही आ करतात.

आता पिल्लाला पिसं आली. “काका, पेरू ठेवून बघा, आपला आपण खाईल,” मी सुचवलं.

“ठेवतो की. बघतच नाही लेकाचा. हट्टी आहे, हट्टी.”

काल दार उघडंच होतं. पोपट एका पायात फोड धरून मजेत पेरू कुरतडत होता. काकांनी ती फोड हळूच काढून घेतली आणि चमचा पुढे केला. पोपटाने मान फिरवली. तेवढ्यात त्यांना मी दिसलो.

“अजून लहानच आहे. हो की नाही, शेजारी?”

त्या जिवाच्या तोंडचा घास गेलेला मी पाहिला होता. पण माझ्याही घरी कुणी नव्हतं, आणि ही घटकाभराची सोबत मलाही हवी होती.

“हो काका, लहानच आहे,” मी म्हणालो.

काकांनी पुन्हा आ केला.