ठिपका किती सरकला?

कॉलेजात त्याला सगळे काचकाका म्हणत. प्रयोगांसाठी लागणाऱ्या काचेच्या नळ्या तो फुंकून बनवायचा. माणूस असा की पायाला भिंगरी! त्याला बसून चहा पिताना बायकोनेही कधी पाहिलं नव्हतं. काय तो काच तापवायच्या ज्योतीसमोर बसेल तेवढाच.

त्या वर्षी मात्र तो फारच सैरभैर झाला होता. ज्योतीकडे बघून बघून डोळे अधू होत चालले होते, आणि हे फक्त बायकोला माहीत होतं.

"अहो, सांगून टाका ना एकदाचं," ती म्हणायची.

"सांगितलं की काम गेलंच हातचं!" तो खेकसायचा. "एकदा तो ठिपका सरकलेला बघू दे, मग सांगतो."

ठिपक्याची भानगड अशी. हवा काढलेल्या नळीत वीज सोडली की एक किरण निघतो आणि पलीकडच्या टोकाला हिरवा ठिपका उमटतो. हा किरण म्हणजे प्रकाशच, असं बरेच जण म्हणत. प्रोफेसरसाहेब म्हणत, छे, हे विजेने भारलेले कण आहेत, कदाचित अणूहूनही लहान. मग नळीतल्या धातूच्या दोन पट्ट्यांना बॅटरी जोडली की ठिपका सरकायलाच हवा. पण मेला सरकेल तर ना! उरलीसुरली हवा घोळ घालायची. आणखी हवा काढायला जावं, तर नळीच तडकायची. की काका पुन्हा फुंकायला बसायचा, मनातल्या मनात शिव्या घालत.

शेवटी एक नळी टिकली. पंप चालू होता तोवर काकाचा जीव टांगणीला. दारापर्यंत जायचा, परत यायचा. मग पडदे ओढले, बॅटरी जोडली.

"सरकला!" साहेब ओरडले. "काका, नळी तुमची, मान तुमचा. टोकाला मोजपट्टी चिकटवलीय. किती सरकला ते तुम्हीच वाचा!"

घ्या! काकाला नुसतं हिरवं धुकं दिसत होतं. द्यावा का एखादा आकडा ठोकून? पण कण किती लहान, हे साहेब त्याच आकड्यावरून काढणार होते.

"साहेब, मला दिसत नाही हो."

साहेबांनी त्याचं बोट धरून काचेवर टेकवलं. "इथे होता." मग हळूच पुढे नेलं. "आता इथे."

"एवढंसंच?" काकाला आधी हसू फुटलं, मग रडू.

घरी बायकोने विचारलं, "दिसलं का हो?" त्याने तिचं बोट टेबलावर टेकवलं आणि तेवढंसंच सरकवलं. मग चहा मागितला, आणि खुर्चीत बसून सावकाश प्यायला. त्याने साहेबांना सांगून टाकलंय हे तिला कळलं, आणि तिच्या काळजात चर्र झालं.