व्हर्लिन हाउगेनचं पेट्रोल की डिझेल

आमच्या नॉर्डाल गावात व्हर्लिन हाउगेनइतका सज्जन माणूस शोधून सापडायचा नाही, आणि त्याच्या टाळक्यात एक हाणावी असं मला गेली अकरा वर्षं वाटत आलंय. मी लव्हॉन, त्याची शेजारीण. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढली. रोज चारशे पोरं जेवायची, पण एकालाही मी कधी विचारलं नाही की बाबा, तुला मटार हवेत की गाजर. जे शिजलंय ते ताटात घ्या आणि पुढे सरका. व्हर्लिन माझ्या रांगेत असता तर मागची सगळी पोरं उपाशी राहिली असती.

त्याची नोकरी धान्याच्या कोठारावर, वजनकाट्यापाशी. अडतीस वर्षं. मक्याचा ट्रक काट्यावर चढायचा, व्हर्लिन खिडकीतून आकडा वाचायचा आणि कागदावर लिहायचा. मका बरा की वाईट, घ्यायचा की परत धाडायचा, हे ठरवणारा माणूस दुसऱ्या खोलीत बसायचा. व्हर्लिनचं काम वजन सांगण्यापुरतं. ते त्याने चोख केलं, कुणी नाव ठेवू शकत नाही. निवृत्त झाला त्या रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिता पिता त्याने जाहीर केलं की आता तो आणि आर्लिस मोटरहोम घेणार. पलंग, शेगडी, संडास, सगळं चाकांवर, आणि मग निघायचं देश बघायला. पेट्रोलवर चालणारं घ्यावं की डिझेलवर, एवढंच काय ते ठरायचं होतं.

एवढंच, म्हणाला.

सोमवारी त्याने एक हिरवी वही आणली. डाव्या पानावर पेट्रोल, उजव्या पानावर डिझेल. पेट्रोलचं इंजिन पुढे, म्हणजे सगळी घरघर पायाशी, पण बिघडलं तर कुठल्याही गावात दुरुस्त होतं. डिझेलचं इंजिन मागे, पुढे बसणाऱ्याला शांत, चढावर ताकद दांडगी, पण कडाक्याच्या थंडीत डिझेल घट्ट होऊन बसतं, आणि आमच्याकडे कडाका काही पाहुणा म्हणून येत नाही, मुक्कामालाच असतो. डावीकडे तीन ओळी वाढल्या की उजवीकडे तीन भरेपर्यंत याला चैन पडायचं नाही. पारडं जरा झुकलं की दुसऱ्या बाजूला भर टाक. बायका लोकर विणतात तसा हा वही विणत बसायचा. गावातही दोन तट पडले. आमचे पास्टर एकदा प्रवचनात "माणसापुढे दोन वाटा असतात" म्हणाले, तर अर्धं चर्च मान वळवून व्हर्लिनकडे बघायला लागलं.

वहीच्या दुसऱ्या वर्षी त्याने घराशेजारी सिमेंटचा ओटा घातला. मोटरहोम उभं करायला जागा नको का? शेजारी विजेचा खांब रोवला, वर छोटा दिवा लावला. गाडी कुठली ते ठरलेलं नाही, म्हणून ओटा दोन्हींपैकी लांब असेल तिच्या मापाचा. तेव्हापासून दर हिवाळ्यात हा माणूस त्या रिकाम्या ओट्यावरचं बर्फ फावड्याने काढतो. माझ्या दारातलं काढून झाल्यावर, हेही सांगायला हवं. मी खिडकीतून बघते आणि माझा जीव वर-खाली होतो. जी गाडी नाही तिला बाहेर पडायला वाट करून देतोय.

आता आर्लिसचं सांगते. तिला समुद्र बघायचा होता. साठी उलटली तरी बाईने तळ्यापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. तिच्या फ्रिजवर ओरेगनच्या किनाऱ्याचं एक पोस्टकार्ड लावलेलं, कडा पिवळ्या पडलेलं, आणि त्यावरून ती रोज ओलं फडकं फिरवायची. पण "मला समुद्र बघायचाय" असं तिने नवऱ्याला एकदाही सांगितलं नाही. आमच्यात तसं सांगत नाहीत. हवंय ते तोंडाने मागणं म्हणजे जेवताना दुसऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखं. बशीत शेवटचा चॉकलेटचा तुकडा उरला की आमच्यातला एकजण त्याचा अर्धा घेतो, दुसरा उरलेल्याचा अर्धा, आणि शेवटी नखाएवढा तुकडा बशीत वाळून जातो, पण तो उचलणारा माईचा लाल निघत नाही. कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा "बरं, तू एवढं म्हणतोसच तर" म्हणून घ्यायचं. देणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, त्यामुळे कुणाचं अडत नाही.

व्हर्लिन विचारायचा, "आर्लिस, तुला काय वाटतं, पेट्रोल की डिझेल?"

"मला काय, कुठलंही चालेल."

आणि हा शहाणा खरंच समजायचा की हिला कुठलंही चालेल.

दोन वर्षांपूर्वी आर्लिसचे डोळे बिघडले. नजरेच्या मधोमध एक डाग. डॉक्टरने तोंडावर सांगितलं की यावर इलाज नाही, डाग वाढत जाणार, कडेचं तेवढं दिसत राहील. वर्ष लागेल की दोन, सांगता येत नाही. हे तिने मला बटाटे सोलताना सांगितलं, मान खाली घालून, जणू दुसऱ्याच कुणाचे डोळे. डॉक्टरकडे व्हर्लिन बरोबर होता, त्याने सगळं ऐकलं होतं. घरी येऊन त्याने काय केलं असेल? वही उघडली आणि दोन्ही पानांवर एक नवी ओळ घातली: आर्लिससाठी पायरीची उंची. डोळ्यांत पाणी आणून मला दाखवायला आला. मला त्याची दयाही आली आणि ती वही शेगडीत घालावीशीही वाटली.

तरी गेल्या ऑगस्टमध्ये गाडी रुळावर आली होती. जत्रेच्या मैदानात टेक्ससचा एक बर्ल टिबेट्स नावाचा विधुर डिझेलचं मोटरहोम घेऊन उतरला. बायको गेली होती, एकट्याला ते घर खायला उठत होतं, त्यामुळे विकायला काढलेलं. व्हर्लिन चार दिवस त्या गाडीच्या पोटाखाली. पाचव्या दिवशी तेलाने काळ्या झालेल्या तोंडाने आर्लिसपुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "डिझेल."

आर्लिसने हातातली बशी खाली ठेवली, आत गेली आणि लिपस्टिक लावून आली. मला म्हणाली, "तूही चल गं, मला धीर येईल."

आम्ही तिघं मैदानावर पोचलो. टिबेट्सने सोडा दिला, खुर्च्या मांडल्या. मोकळा माणूस. म्हणाला, "हे बघ दादा, व्यवहाराचं नंतर बघू. किल्ली घे. बाईसाहेबांना समुद्र दाखवून आण. आवडली गाडी तर ठेवून घे, नाही आवडली तर परत आण."

मी आर्लिसकडे पाहिलं. ती सोड्याच्या डब्याकडे बघत होती, पण कान लाल झाले होते.

व्हर्लिन म्हणाला, "अरे नको नको, तुला उगाच त्रास."

"त्रास कसला? माझी जागाच मोकळी होईल. घेऊन जा."

"नको रे, आम्हा दोघांना एवढी मोठी गाडी काय करायची?"

टिबेट्सने किल्ली खिशात टाकली. "बरं बाबा, तुझी मर्जी," म्हणाला आणि हवापाण्याचं बोलायला लागला.

झालं. तो टेक्ससचा, त्याला काय माहीत. त्याच्याकडे नको म्हणजे नको. व्हर्लिन खुर्चीच्या टोकाशी सरकून तिसऱ्या वेळेची वाट बघत बसला. त्याने गाडीच्या टायरची तारीफ केली. पडद्यांची केली. टिबेट्स "हो ना" म्हणत राहिला. आर्लिसने पर्सचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. आणि मी, चारशे पोरांवर ओरडणारी मी, काय करत होते? गप्प बसले होते. दुसऱ्याच्या देण्याघेण्यात तोंड घालणं बरं दिसत नाही म्हणून. त्या दिवसाची मला आजही लाज वाटते.

"उद्या विचारेल," परतताना व्हर्लिन म्हणाला. "आज दोनदाच विचारलं ना."

दुसऱ्या दिवशी आर्लिसने केक केला आणि दोघं परत गेले. मैदानावर गवताचा एक लांबुळका पिवळा चौकोन होता, गाडी नव्हती. फार्गोच्या कुणीतरी सकाळीच "घेतो" म्हटलं होतं. पहिल्याच फटक्यात.

दोघं घरी आले तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरात वाट बघत बसले होते. व्हर्लिन वही उघडून म्हणाला, "तसं बघितलं तर थंडीत डिझेलचा भरवसा नाहीच." आर्लिस त्याच्या कपात कॉफी ओतत होती. कॉफी कपात पडली नाही. कपाच्या शेजारी, टेबलावर, धार धरून पडत राहिली, कारण कप नेमका त्या डागात होता. व्हर्लिनने पटकन वही उचलली. भिजू नये म्हणून.

माझं टाळकं सटकलं. टेबल पुसलं, फडकं पिळलं आणि म्हटलं, "आर्लिस, माझ्याकडे चौदा वर्षांची पेट्रोलची मोटार आहे. मागचा दरवाजा लाथ घातल्याशिवाय उघडत नाही. सोमवारी मी ओरेगनला चाललेय. येतेस?"

दुसऱ्यांदा कसं विचारायचं, तिसऱ्यांदा कसं, सगळं मी मनात जुळवून ठेवलं होतं.

"येते," आर्लिस म्हणाली.

मी चाळीस वर्षं या बाईला ओळखते. तिने माझ्याकडून कधी साखरसुद्धा पहिल्यांदा विचारल्यावर घेतलेली नाही. माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

सोमवारी सकाळी व्हर्लिन त्याच्या रिकाम्या ओट्यावर उभा. आर्लिस पुढे बसली होती. मी त्यालाही विचारलं, एकदाच.

"छे छे, तुम्ही दोघी जा. मी मधे कशाला?"

मी चावी फिरवली. तो तसाच उभा, मान जरा कलती, माझं दुसरं वाक्य ऐकायला. मी त्याला पुढची साठ वर्षं तसाच उभा ठेवायला तयार होते. पण आर्लिसने काच खाली केली.

"व्हर्लिन, मी काही तीनदा विचारणार नाही. मला दिसतंय तोवर मला समुद्र बघायचाय. यायचं असेल तर ये."

एवढं सरळ वाक्य त्या घरात बहुधा पहिल्यांदाच बोललं गेलं. तो आत गेला आणि अर्ध्या मिनिटात बॅग घेऊन बाहेर आला. म्हणजे बॅग आधीच भरलेली होती, दाराशी, बिचारी तिसऱ्या हाकेची वाट बघत. मी उतरून मागच्या दरवाजाला लाथ घातली. दरवाजा नीट उघडला, बघून घ्या.

चार दिवस लागले. वही त्याच्या मांडीवर होती. मोंटानाच्या चढावर माझी मोटार धापा टाकायला लागली तेव्हा मागून बारीक आवाज आला, "इथे डिझेलने कसं..." आर्लिस म्हणाली, "व्हर्लिन, सँडविच खा." तो सँडविच खात राहिला.

ओरेगनला पोचलो तेव्हा दुपार होती, वारा जोराचा. गाड्या लावायच्या जागी चार मोटरहोमं उभी होती आणि त्यातलं एक आमच्या कानाशी चालू झालं. व्हर्लिनला नुसत्या आवाजावरून आतलं इंजिन कळतं. त्याने मान वळवली नाही. आर्लिसचा कोपर धरून तो वाळूत उतरला, तिच्या पावलाबरोबर पाऊल टाकत.

ती पाण्याच्या कडेला थांबली. एकदा डावीकडे तोंड केलं, एकदा उजवीकडे. खूप वेळ ती तशी बघत होती.

"दोन्हीकडचं दिसतंय मला," ती म्हणाली. "केवढं आहे रे हे. मधलंच तेवढं नाही दिसत. मधे काय आहे, व्हर्लिन?"

"बोट आहे एक."

"कसली बोट?"

मी दात आवळले. म्हटलं, आता हा डिझेल म्हणाला तर इथेच पाण्यात ढकलते.

त्याने डोळे बारीक केले आणि बराच वेळ त्या बोटीकडे बघितलं.

"पांढरी," तो म्हणाला. "लहानशी आहे. डावीकडे चाललीये, हळूहळू. थांब, आत्ता तुझ्या कडेला येईल, मग तुलाही दिसेल."

आम्ही तिघांनी तिथे उभं राहून ती बोट यायची वाट बघितली.