नरसव्वाची कांडी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका चादरीवरचं गावाचं नाव बदलणं. दुपारची वेळ. मी पंचाच्या मशीनवर, ती समोर ग्राफचा कागद घेऊन. ती वाचायची — दोन घे, चार सोड, एक घे… आणि मी कार्डाला भोकं पाडायचो. एरवी मला अहो-जाहो, पण ग्राफ वाचताना सरळ घे, सोड. मी म्हणायचो, दिवसभर नवऱ्याला अरे-तुरे करायची चांगली सोय केलीस.

कार्डाची ओळ संपली की ती हातातली कांडी टेबलावर ठोकायची. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची लाकडी नळी. एक टोला म्हणजे बरोबर, पुढचं कार्ड घ्या. दोन टोले म्हणजे थांबा, चुकलं. आणि माझा हात रेंगाळला की टकटकटकटक — म्हणजे झोपलात काय?

शेवटचं कार्ड झालं तशी तिनं कांडी टेबलावर सोडून दिली. ती नेहमीसारखी गडगडत माझ्याकडं आली, मी नेहमीसारखी पडायच्या आत अडवली.

"झालं," ती म्हणाली. "सकाळी पट्टी विणून बघा. मी चहा टाकते."

चहा प्यालो. रात्री झोपेतच ती गेली.

आता पुढचं लिहिण्याआधी सांगतो. भूत, पिशाच, अंगात येणं, लिंबू-मिरची — मी या कशाला कधी भीक घातली नाही. गल्लीत कुणाच्या अंगात आलं तर मी म्हणायचो, आधी त्याला जेवायला घाला. चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे, पण कार्डात भोक असल्याशिवाय माग दोरा उचलत नाही एवढं मला कळतं. ज्याला हे खोटं वाटेल त्यानं पान उलटावं. माझी तक्रार नाही.

घर आमचं सोलापुरात, साखर पेठेत. बाहेरची खोली कामाची. तिथं पंचाचं मशीन, लांब टेबल, आणि पट्टी विणायला एक लहान हातमाग. मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट.

ज्यांना आमचा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी. मागाच्या डोक्यावर जेकार्ड असतं. ते पुठ्ठ्याची कार्डं एकामागून एक वाचत जातं. भोक असलं की दोरा उचलतं, नसलं की सोडतं. एका कार्डाला एक आडवा धागा. कार्डांची माळ ओवून वर चढवली की फुलं, मोर, अक्षरं, जे पाडलं असेल ते खाली कापडात उतरतं. आणि नाव बदलायचं तर सगळी माळ नव्यानं करायची नसते. जुनी माळ घ्यायची, जिथं बदल आहे तेवढीच कार्डं काढायची आणि तिथं नवी घालायची. बाकीचं जसंच्या तसं. हे काम वाटतं सोपं, पण एक कार्ड इकडचं तिकडं झालं की अक्षराचा चुरा होतो.

म्हणून नरसव्वाचा, माझ्या बायकोचा, नियम होता. लहान मागावर टीचभर पट्टी विणायची, ती ग्राफशी ताडून बघायची, आणि पट्टी बरोबर आली तरच नव्या कार्डांवर नंबर घालायचे. आधी नाही. कारण पट्टीत चूक निघाली तर एखादं कार्ड घालावं लागतं, एखादं काढावं लागतं, मग नंबर सगळे खोटे पडतात. पट्टीशिवाय आमच्या घरातून माळ बाहेर गेली नाही. ही एकच गेली.

ऑर्डर दुधनीच्या एका व्यापाऱ्याची होती. लेकीच्या लग्नात पाहुण्यांना चादरी द्यायच्या, काठावर उभं विणलेलं 'सप्रेम भेट, दुधनी'. आम्ही ज्या चादरीच्या कारखान्यासाठी कार्डं पाडायचो, त्यांच्याकडं जुनी माळ अक्कलकोटची होती. आम्ही अक्कलकोट काढून दुधनी घातलं. नाव आखूड, म्हणून उरलेल्या जागेत नरसव्वानं वेल काढली.

मी सुतकात बसलेलो, डोकं जाग्यावर नाही. कारखान्याचा माणूस आला आणि माळ घेऊन गेला. लग्न तोंडावर आलं होतं. नवी कार्डं बिननंबराची, नुसती दोऱ्यानं बांधलेली. मी बघत होतो, पण मला दिसत नव्हतं.

सुतक फिटल्यावर कारखान्यात गेलो तर सिद्रामप्पा मालकांनी एक चादर माझ्यापुढं टाकली. 'सप्रेम भेट' झकास आलेलं, आणि पुढं गावाच्या जागी नुसता किडा-मुंगीचा बाजार.

"राजय्या, बायको गेल्याचं वाईट वाटतं," मालक म्हणाले. "पण शेवटी शेवटी तिला दिसत नव्हतं बघ. काय वाचलं आणि काय नाही."

"तिला सुईतला दोरा दिसत होता मालक."

"मग ह्ये काय हाय? कानडीत लिहिलंय का?"

मागावरची माणसं हसली. मला ते हसणं अजून ऐकू येतं.

"उद्या सकाळी ही माळ रद्दीत घालतो," मालक म्हणाले. "नाव बदलायचं काम दुसऱ्याला दिलंय. तू आता बस घरी. लई केलंस."

मी म्हणालो, "उद्या सकाळपतूर माळ माझ्याकडं द्या."

"नेऊन काय करणार? वाचणार कोण?"

बरोबर बोलले. माझी नजर जवळची कधीच गेली होती. ग्राफची घरं मला मुंग्यांसारखी हलताना दिसायची. इतकी वर्षं तिनं वाचलं आणि मी पाडलं. पण मला माळ पाहिजे होती. तिच्या हातचं शेवटचं काम, आणि पेठेत बोभाटा काय, तर नरसव्वानं चूक वाचलं. हे मी राहू देणार नव्हतो.

माळ खांद्यावर टाकून घरी आलो, तर मागोमाग रज्जाक आला. रज्जाक कारखान्यातला जॉबर, माग दुरुस्त करणारा. मला चाचा म्हणतो.

"चाचा, एक बात बोलूं? मालक को नक्को बोलो."

"बोल."

"बंडल गिर्‍या था. सायकल पर से. दोरा टुट्या, सब कार्ड रस्ते पर. नंबर तो था नहीं. उस आदमी ने जैसे हात में आए वैसे ओव दिए."

मी खाली बसलो. म्हणजे वाचण्यात चूक नव्हती. पाडण्यातही नव्हती. कार्डं सगळी बरोबर, फक्त त्यांची रांग मोडली होती.

"हे तू तिथं का न्हाई बोललास?"

"मेरा पेट हैना चाचा."

खरं बोलला म्हणून मी त्याला चहा दिला.

दुपार कलली होती. त्या दिवशी लाईट गेलेली, त्यामुळं गल्लीतला एकही माग चालू नव्हता. आमच्या पेठेत दिवसा अशी शांतता म्हणजे कान दुखायला लागतात. मी नवी कार्डं माळेतून सोडवली आणि टेबलावर पसरली. ग्राफ समोर टाचला. एक कार्ड उचलून खिडकीच्या उजेडात धरलं, मग ग्राफकडं बघितलं. घरं हलायला लागली. बोट ठेवलं, बोट घसरलं. रज्जाकला म्हणालो तू बघ. तो म्हणाला, "मेरे कू माग समजता, कागज नहीं समजता." अर्धा तास झटून पहिल्या कार्डाचासुद्धा पत्ता लागेना.

तेव्हा मी वैतागून मोठ्यानं म्हणालो, "वाच की आता. गप का बसलीस?"

सवयीनं निघून गेलं तोंडातून. दुसरं काही नाही.

हातातलं कार्ड टेबलावर टाकलं. टक टक.

दोन टोले. मला वाटलं रज्जाकनं कप आपटला. दुसरं कार्ड घेऊन ठेवलं. टक टक. तिसरं ठेवलं, तसंच. चौथं ठेवलं. टक.

एकच.

रज्जाक उंबऱ्यावरून बघत होता. त्याच्या दोन्ही हातांत बशी. माझ्या दोन्ही हातांत कार्डं.

"चाचा… आप ठोक रहे क्या?"

"कशानं ठोकू? तोंडानं?"

तो उठला, टेबलाखाली बघितलं, मागामागं बघितलं, शेजाऱ्याच्या भिंतीला कान लावला. मी पुढचं कार्ड ठेवलं. टक टक. आवाज टेबलातूनच आला, तिच्या बाजूनं. कोरड्या लाकडाचा, पोकळ. तो आवाज कशाचा हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पण ती कांडी घरात नव्हती. तिला नेताना मीच ती तिच्या हातात ठेवली होती, आणि तिच्याबरोबर जळताना माझ्या डोळ्यांनी बघितली होती.

रज्जाक चपला शोधायला लागला.

"बस खाली," मी म्हणालो. "माझी बायको हाय ती. तुला खाणार न्हाई. खायची असती तर आधी मला खाल्लं असतं."

"डर लगता चाचा."

"मला काय गुदगुल्या होतात? मी देतो तसं तू ओवत जा."

बसला बिचारा. ओठ हलत होते, त्याचं काहीतरी म्हणत होता. मी कार्ड ठेवायचो. दोन टोले आले की बाजूला, एक टोला आला की रज्जाककडं. खोटं कशाला सांगू, मग मला बरं वाटायला लागलं. हात जुन्या तालावर चालायला लागला. एक, एक, दोन, एक… 'दुधनी'चा दु सरला, ध सरला. मध्येच एकदा मला भरून आलं. कार्ड हातात तसंच राहिलं, समोरचं दिसेना.

टकटकटकटक.

रज्जाक दचकून म्हणाला, "ये क्या हुआ?"

"शिव्या देतेय," मी म्हणालो. आणि तिच्या मागं पहिल्यांदा हसलो.

ऊन खिडकीतून निघून गेलं तेव्हा वेलीची कार्डं संपत आली. शेवटचं कार्ड ठेवलं. टक. आणि मग टेबलावरून काहीतरी गडगडत आल्याचा आवाज आला, तिच्या बाजूनं माझ्याकडं. मी हात आडवा धरला. हाताला काही लागलं नाही. पण आवाज हातापाशी येऊन थांबला.

त्यानंतर तो आजतागायत आला नाही.

लहान मागाला लाईट लागत नाही. पट्टी तिच्या नियमानं विणली. पायानं दाबायचं, एकेक कार्ड फिरायचं, एकेक धागा बसायचा. रज्जाक कंदील धरून वाकलेला. मागावर कापडाची पाठ वर होती, म्हणून पट्टी कापून उलटी केल्याशिवाय कळणार नव्हतं. कापली. उलटी केली.

सप्रेम भेट, दुधनी. आणि पुढं वेल, पानापानाला देठ.

पट्टी रज्जाकनं आपल्या कपाळाला लावली आणि माझ्या हातात दिली. मग मी नव्या कार्डांवर नंबर घातले. ते काम तिचं होतं, माझे आकडे वाकडे आले.

पुष्कळांना हे मी सांगितलं आहे. एक मास्तर म्हणाले, लाकूड उन्हानं तडकतं. तडकत असेल, पण बरोबर कार्डाला एकदा आणि चूक कार्डाला दोनदा कसं तडकेल? दुसरा म्हणाला, राजय्या, इतक्या वर्षांत तुझ्या हातालाच रांग पाठ झाली होती, आवाज मनाचा. असेल. मग रज्जाकला का ऐकू आला? त्यानं तर आयुष्यात ग्राफ वाचला नव्हता. तिसऱ्यानं देवऋषी सुचवला, त्याला मी हाकलून दिलं. रज्जाक आणि मी भेटलो की नुसता चहा पितो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ खांद्यावर घेऊन कारखान्यात गेलो. रज्जाकनं कुणाला न विचारता ती मागावर चढवली. मालक आले. "अरे, अजून तेच?" म्हणाले. माग सुरू झाला. काठ हातभर उतरला तेव्हा रज्जाकनं माग थांबवला आणि कापड उलटं करून धरलं.

"वाचा मालक," मी म्हणालो.

त्यांनी मनात वाचलं.

"मोठ्यानं. काल जे हसले त्यांना ऐकू जाऊ द्या."

सिद्रामप्पा माणूस तसा वाईट नाही. चष्मा लावला, घसा साफ केला. "सप्रेम भेट, दुधनी." मग कापडावरून बोट फिरवलं.

"ही वेल कुणी काढली?"

"नरसव्वानं. कार्डं सगळी तीच हायेत, नुसती रांग मोडली होती."

"कार्डं कुणी वाचली?"

"तिनंच."

मालक मागावरच्या माणसांकडं वळले. "ऐकलं का रे? नरसव्वानं बरोबर वाचलं होतं. चूक आपल्या कारखान्यात झाली." आणि मला हळूच म्हणाले, "राजय्या, दुसऱ्याला दिलेलं काम परत मागवतो."

रज्जाक मान खाली घालून उभा होता. माग सुरू करू का, म्हणून तो माझ्याकडं बघायला लागला. मी मागाशेजारची एक रिकामी कांडी उचलली आणि मागाच्या लाकडावर ठोकली.

एकदाच.