वासाच्या पुरचुंड्या

आमच्या अंगणवाडीत खेळणी येतात आणि कपाटात कुलूपबंद होतात. मोडली तर उत्तर कोण देणार? म्हणून मी घरचंच सामान नेत असे. परातभर ज्वारीत लपवलेली बटणं, टॉवेलच्या कारखान्यातल्या चिंध्या, ओली माती. हौसेला मोल नाही म्हणतात. माझ्या हौसेला तर खर्चही नव्हता. मुलांचा लाडका खेळ म्हणजे वासाच्या पुरचुंड्या. जुन्या साडीच्या तुकड्यांत धणे, ओवा, कापूर, शेंगदाण्याची चटणी बांधायची. डोळे मिटायचे, हुंगायचं आणि नाव सांगायचं. चटणीची पुरचुंडी पोरं चाटूनच ओळखायची.

त्या वर्षी वस्तीतली एक चार वर्षांची मुलगी आई गेल्यापासून बोलेनाशी झाली होती. आई घरी विड्या वळायची. आता आजी तिला आणून सोडायची आणि न्यायला आली की रोज एकच विचारायची, काही बोलली का? मला त्या प्रश्नाची धास्तीच बसली होती.

एक दिवस तिनं आपणहून पुरचुंड्या ओढून घेतल्या. डोळे मिटून एकेक हुंगली, बाजूला ठेवली. सगळ्या संपल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "अम्माचं न्हाय ह्यात."

तिचा आवाज ऐकून मला रडूच कोसळलं. अम्माचं म्हणजे विडीचा तंबाखू, हे कळायला वेळ लागला नाही. पण तंबाखू मी पोरांपुढे कसा ठेवणार? दुपारी आजीला सगळं सांगितलं. नात बोलली म्हणून ती आधी हसली, मग पायरीवर मटकन बसली. सुनेच्या साड्या दिवसकार्य उरकल्यावर वाटून टाकल्या होत्या. विड्या वळताना मांडीवर घ्यायचं सूप तेवढं उरलं होतं.

"तेबी मी घासून उनात टाकलं की, बाई," ती म्हणाली. "त्या वासानं मला लई खोकला यायचा."

तरी दुसऱ्या दिवशी ती सूप घेऊन आली. पोरीनं ते मांडीवर घेतलं, डोळे मिटले आणि बांबूच्या फटींत नाक खुपसून कितीतरी वेळ हुंगत राहिली. आजीनं माझा हात घट्ट धरला होता.

मग डोळे न उघडताच, खेळात सांगतात तसं तिनं नाव सांगितलं.

"साबण."