बिनचेहऱ्याची जाहिरात

सुताराचा शिकंजा तुम्ही पाहिला असेल. सरसाने चिकटवलेल्या फळ्या हलू नयेत म्हणून त्या लोखंडी पकडीत घालायच्या आणि मूठ पिळत न्यायची. रत्नागिरीकडच्या एका सुताराचा उजवा हात त्याच्या फोरमनने असाच शिकंज्यात घातला आणि मूठ पिळत नेली. दोघांनी मागून खांदे धरले होते. आई आजारी आहे, रजा द्या, एवढंच त्याने मागितलं होतं. मधली दोन बोटं मोडली तेव्हा फोरमन म्हणाला, "आता जा रजेवर." पासपोर्ट अर्थातच फोरमनच्या कपाटात होता.

तो सुतार वर्कशॉपच्या मागच्या भिंतीवरून उडी टाकून पळाला आणि आखातातल्या मनामा शहरात, गुदैबिया वस्तीतल्या आमच्या मेसमध्ये आला, कारण आमचा स्वयंपाकी त्याच्या गावचा. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती ती. एका खोलीत आम्ही सहा जण राहत होतो. पाच कोकणी मुसलमान आणि सहावा मी, नागपूरचा, विहारात बुद्धवंदना म्हणत आणि जयंतीची भाषणं ऐकत वाढलेला. स्वयंपाक्याने मला ठेवून घेतलं होतं ते दोन कारणांनी. एक म्हणजे मी भाडं वेळेवर द्यायचो आणि दुसरं, मी मनामातल्या एका इंग्रजी दैनिकाच्या जाहिरात विभागात कामाला होतो, त्यामुळे खराब छापलेले अंक फुकट घरी यायचे. आम्ही त्यांच्यावर जेवायचो. फरशीवर पेपर पसरायचा, मधोमध भाताची परात ठेवायची आणि जेवण झालं की काट्यांसकट सगळं गुंडाळून टाकायचं. आखातात बिनबायकांच्या खोल्यांत असंच जेवतात.

सुतार दोन दिवस तापाने फणफणला होता. उतरल्यावर बेत ठरला. शुक्रवारची सुट्टी संपली की शनिवारी सकाळी त्याने लेबर ऑफिसात जाऊन हात दाखवायचा. तिथे स्वतःच्या पायाने पोचला तर तो तक्रारदार ठरणार होता. वाटेत कोणी धरून दिला तर तो फरारी. मग आधी कोठडी, नंतर विमान, आणि तक्रार मफी, म्हणजे नाहीच. सगळं या एका गोष्टीवर अडलं होतं, की शनिवारी तो तिथे आधी पोचतो की नाही.

आता माझ्या कामाबद्दल सांगतो. जाहिरातींचे तुकडे कापून पानावर चिकटवणं, फोटो कॅमेऱ्यावर घेऊन त्यांचे ब्रोमाइड, म्हणजे छपाईसाठीचे कागदी प्रिंट काढणं आणि काउंटरवरचा माणूस नमाजाला गेला की काउंटर सांभाळणं. सेकंडहँड गाड्या, गालिचे, अदलियातलं नवं रेस्टॉरंट, भाड्याने खोली असल्या जाहिरातींनी पान भरायचं. आणि रोज खालच्या कोपऱ्यात एक-दोन छोट्या चौकटी असायच्या. त्यांत पासपोर्टवरचा फोटो, खाली 'हा माणूस कामावरून पळाला आहे, याला कोणी ठेवू नये, दिसल्यास कळवावे.' ऑफिसात आम्ही त्यांना नुसतं 'फरार' म्हणायचो. आज गाड्या किती, फरार किती, असं विचारायचो आणि त्या हिशोबाने जागा सोडायचो.

आमचा मॅनेजर इंग्रज होता. त्याच्या केबिनमध्ये काचेच्या फ्रेममध्ये अमेरिकेतल्या कुठल्याशा शहराच्या फार जुन्या वर्तमानपत्राचं पहिलं पान लावलेलं होतं. त्यात बातमी एकही नव्हती. पहिल्या पानावर सगळ्या जाहिराती. जहाजातून उतरलेली रम, काकवीची पिंपं, चिनी चहा, फेल्टच्या हॅट, दात उपटून मिळतील, लॉटरीची तिकिटं संपत आली. मॅनेजर पाहुण्यांना अभिमानाने सांगायचा, पाहा, आपला धंदा किती जुना आहे. मी सहीसाठी उभा राहून ते पान पुष्कळदा वाचलं. हरवलेल्या घोड्याच्या जाहिरातीत घोड्याचं चित्र होतं, आणि त्याच मापाचं दुसरं चित्र होतं एका काळ्या माणसाचं, खांद्यावर काठी, काठीला गाठोडं, पाय पळते. पळालेला गुलाम. आणखी दोन जाहिरातींत तेच चित्र होतं, कारण छापखान्याकडे ठसा एकच. त्याला चेहरा नव्हताच, तोंडाच्या जागी नुसती शाई. मालकांनी मात्र मजकुरात ओळख पटावी म्हणून पाठीवरचे वळ, कापलेला कान, पायावरचा बेडीचा घट्टा असं सगळं बिनदिक्कत लिहिलं होतं. आणि शेवटी, छापखान्यात चौकशी करावी. हे वाचलं की माझं डोकं तापायचं. मॅनेजरची सही घेऊन मी परत फरार चिकटवायला बसायचो.

बुधवारी फोरमन आला तेव्हा काउंटरवर नेमका मी होतो. तो मुंबईचाच होता, गळ्यात सोन्याची साखळी, बोलायला मोकळा. त्याने पासपोर्ट काउंटरवर आपटला आणि म्हणाला, "आठवडाभर लावा. बक्षीस लिहा. सापडला की तंगडी पण तोडतो भडव्याची." मी पासपोर्ट उघडला तर आत आमचा सुतार.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी मुकाट्याने मजकूर लिहून घेतला. उंच, काळा, इंडियन सुतार. फोरमनने मोडलेल्या बोटांबद्दल अवाक्षर काढलं नाही. खरं तर पट्टी बांधलेला हात ही सगळ्यात पक्की खूण होती. पण ती लिहायची तर बोटं कशी मोडली हेही कोणी विचारलं असतं. त्या जुन्या मालकांना तेवढीही लाज नव्हती, आणि याला होती ती लाज नव्हे, नुसती भीती.

फोटो कॅमेऱ्यावर घेताना मला ते फ्रेममधलं चित्र आठवलं. चेहराच नसला तर शोधणार कोणाला? मी ब्रोमाइडला मुद्दाम चुकीचा उजेड दिला. नाक, डोळे, मिशी सगळं काळ्यात बुडालं. फक्त डोक्याचा आणि खांद्याचा आकार राहिला. चौकटीत तो चिकटवताना मी चक्क शीळ घालत होतो. मी स्वतःवर इतका खूष होतो की कधी एकदा घरी जाऊन सांगतो असं झालं.

गुरुवारी फोरमनने फोनवरून मॅनेजरला शिव्या घातल्या. मॅनेजर म्हणाला, पासपोर्टचे फोटो असेच येतात. प्रकरण तिथेच मिटलं.

शुक्रवारी नमाजानंतर सगळे जेवायला बसले. मीच आणलेला अंक पसरला होता आणि ती चौकट नेमकी सुताराच्या पुढ्यात आली. स्वयंपाकी वाकून बघत म्हणाला, "ह्यो तू हायस? नुसता कोळसा दिसतोयस."

सुतार डाव्या हाताने जेवत होता. त्याने सुरमईचा काटा काढून बरोब्बर त्या काळ्या डोक्यावर ठेवला. "मना तर ह्यो आमचा नागपूरकरच वाटतो," तो माझ्याकडे बघून म्हणाला, आणि खोलीभर हसू फुटलं. मीही हसलो. उंचीने आम्ही सारखे होतो आणि रंगाने मी त्याच्याहून काकणभर काळाच.

शनिवारी सकाळी त्याला टॅक्सीपर्यंत सोडायला मी गेलो. स्वयंपाक्याचा एक ओळखीचा ड्रायव्हर जवळच्या नईम मोहल्ल्यात थांबणार होता. त्या दिवसांत सरकारविरुद्ध दंगे चालले होते, गावांकडे टायर जळत, चौकाचौकांत पोलिसांच्या गाड्या उभ्या असत, म्हणून आम्ही मोठा रस्ता सोडून गल्ल्यांतून गेलो. टॅक्सी आली होती. सुतार मागच्या सीटवर बसला. त्याच्या तोंडाला कोरड पडली होती. मी म्हटलं, पाणी आणतो, आणि समोरच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे तिथल्या छोट्या किराणा दुकानात शिरलो.

आत काउंटरला टेकून दोघं उभे होते, आपल्याकडचेच, हिंदी बोलणारे, ना काम ना धंदा. त्यांच्या पुढ्यात पेपर उघडा होता. एकाने माझ्याकडे पाहिलं, मग पेपरकडे, मग परत माझ्याकडे. "यही है," तो म्हणाला.

दुसऱ्याने माझा दंड धरला. "कार्ड दिखा."

रेसिडेंट आयडी कार्ड माझ्या खिशातच होतं. दाखवलं असतं तर पाण्याची बाटली घेऊन मी मिनिटाभरात बाहेर आलो असतो. पण कोण कुठला रिकामटेकडा माझा दंड धरून माझ्याकडे कार्ड मागतो, या विचारानेच माझं पित्त खवळलं. "तू कोण बे मले कार्ड मांगणारा?" म्हणून मी त्याच्या कानाखाली वाजवली.

मग त्यांनी मला बदडलं. पहिला ठोसा तोंडावर बसला आणि वरचा एक दात जिभेवर आला. मी थुंकलो आणि डोकं त्याच्या छातीत घातलं. बिस्किटांचं स्टँड आडवं झालं. त्यांनी मला फरफटत दाराबाहेर आणलं, एकाने गुडघा पाठीवर रोवला आणि दुसरा बुटाने बरगड्यांत मारत राहिला, प्रत्येक लाथेला "भागता है? भागता है?" म्हणत. झटापटीत बाहेर आलेला पेपर माझ्या तोंडाशीच पडला होता, माझंच रक्त त्याच्यावर पडत होतं. चौकटीतलं ते काळं डोकं मला इतक्या जवळून दिसलं, आणि तेव्हा कळलं मी काय करून ठेवलं होतं ते. चेहरा पुसून मी एकाला लपवायला गेलो आणि गावातल्या प्रत्येक काळ्या माणसाचा फोटो छापून बसलो. फ्रेममधल्या त्या ठशापायी तरी किती जण असे रस्त्यावर लोळवले गेले असतील, जे कुठून पळालेलेच नव्हते.

टॅक्सी अजून तिथेच होती. मी मान वळवून हाताने खुणावत होतो, जा, जा. ड्रायव्हरने गाडी सुरूही केली होती. तेवढ्यात दार उघडलं आणि सुतार खाली उतरला.

"छोडो उसको," तो म्हणाला. "वो नहीं है. मैं हूँ."

लाथ थांबली. त्या दोघांना काही कळेना. फोटोवरून तर काहीच ठरत नव्हतं. तेव्हा त्याने पट्टी बांधलेला हात वर केला आणि म्हणाला, "फोरमन को फोन लगाओ. पूछो, किसका हाथ तोड़ा."

मी रस्त्यावरूनच ओरडलो, "पय ना बे! काहून आला वापस? पय!"

तो माझ्याजवळ खाली बसला. माझ्या तोंडावरचं रक्त त्याने आपल्या बाहीने पुसलं. "तुना मारून टाकला असता," एवढंच तो म्हणाला. मी त्याला शिव्या देत राहिलो. लेबर ऑफिस उघडलं असेल अशी वेळ झाली होती. फोरमनची पिकअप आली, त्यांनी त्याला मोडक्या हाताला धरूनच वर ओढलं, आणि तो जो ओरडला तो आवाज मला आजही नकोसा आठवतो.

त्याला आधी वर्कशॉपमध्ये नेलं आणि मग फरारी म्हणून पोलिसांत दिलं. हात कोणी पाहिला नाही. पुढे विमानात बसवला. गावाहून स्वयंपाक्याला कळलं की आई तो पोचायच्या आधीच गेली होती आणि बोटं वाकडीच जुळली, रंधा धरता येत नाही.

पण हे कळलं नंतर. त्याआधी फोरमन परत ऑफिसात आला. मी ओठाला टाके घेऊन पानावर काम करत बसलो होतो, हातात कापायची पोलादी पट्टी. काउंटरवर कोणी नव्हतं, म्हणून पट्टी हातात घेऊनच उठलो. त्याने मला ओळखलं नाही. का ओळखेल?

"माणूस मिळाला," तो खुशीत म्हणाला. "आठवड्याचे पैसे भरलेत, उरलेले दिवस फुकट का घालवायचे? त्याच जागेत दुसरी लावा. सुतार पाहिजे. राहण्याची सोय, रजा मिळेल, असं लिहा."

कुठे लिहायचं ते दाखवायला त्याने कागदावर बोट टेकवलं, दुसरा हात काउंटरवर पसरलेला. रजा मिळेल हे शब्द ऐकले आणि माझा हात वर गेला. पट्टीची धार त्याच्या पसरलेल्या बोटांवर मी पूर्ण ताकदीने आणली. परत आणली. तिसऱ्यांदा आणताना मला मागून दोघांनी धरलं. बोटं मोडली की नाही मला सांगता येत नाही, मोडली असावीत अशी माझी आजही इच्छा आहे. हात आवळून तो जे किंचाळला त्याने मला बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं असं लोक म्हणतात, पण नाही वाटलं.

मॅनेजरने मध्ये पडून पोलीस टाळले. पेपरचं नाव खराब व्हायला नको होतं त्याला. माझा व्हिसा कॅन्सल झाला आणि मिळेल त्या विमानाने जायचं ठरलं. केबिनमध्ये तो हळहळत बोलत होता आणि मी त्याच्या खांद्यावरून त्या जुन्या पानाकडे बघत होतो. घोडा, रम, हॅट आणि पळणारा माणूस.

जायच्या दिवशी मेसमध्ये शेवटचं जेवण होतं. स्वयंपाक्याने सवयीप्रमाणे सकाळचा पेपर फरशीवर पसरला आणि पसरता पसरता थांबला. खालच्या कोपऱ्यात नेहमीची चौकट होती. आमच्याच दैनिकाची नोटीस. हा माणूस आता आमच्या नोकरीत नाही, त्याच्याशी कोणी व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार नाही. वर माझा फोटो. माझ्या जागी बसलेल्याने काम चोख केलं होतं, कपाळावरची लहानपणची खोकसुद्धा स्वच्छ दिसत होती. शेजारच्याच चौकटीत सुतार पाहिजे, रजा मिळेल.

भाताची परात हातात घेऊन बाकीचे उभे होते. कोणी हसलं नाही. स्वयंपाक्याने दोन्ही चौकटींवरून तळहात फिरवला, पेपर उचलला, नीट घडी घातली आणि खिडकीत ठेवला.

"ह्याच्यावर नको," तो म्हणाला.

त्या दिवशी आम्ही नुसत्या फरशीवर जेवलो.